तोंड फिरवलेला राजा

अण्णा,

तुमच्यावर रागवायचं होतं तर तुम्ही जिवंत असताना रागवायला हवं होतं, हे मला कळतं. तेव्हा मी निळ्या हवाई पत्रांवर खुशाली लिहीत राहिले. इथे थंडी फार आहे, माझं बरं चाललंय, आईच्या गुडघ्यांना जपा. तुम्हीही उलट टपाली तसंच लिहायचात. चार ओळी, खाली सही, आणि सहीखाली सवयीनं दुकानाचा शिक्का. मुलीच्या पत्रावर दुकानाचा शिक्का मारणारा दुसरा बाप मी पाहिलेला नाही. शिक्क्यात तुमचं नाव, पुढे 'आणि चिरंजीव'. म्हणजे मला आलेल्या प्रत्येक पत्रात मी सोडून घरातले सगळे पुरुष हजर असायचे. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या उशिरा राग काढणं म्हणजे वरातीमागून घोडं आहे, पण काय करणार, घोडं आत्ता उठलंय.

गेल्या रविवारी भावाचा फोन आला. हल्ली तो स्वतःहून करतो. पूर्वी मीच कॉलिंग कार्ड खरवडून आकडे दाबत बसायची. कॉलेजच्या सभागृहात चेअरमनसाहेबांच्या घराण्याच्या चार थाळ्या तुम्ही बसवल्यात, तिथे आता पाचवी बसायची आहे. साहेब गेले, मुलगा चेअरमन झाला, आणि खुर्चीवर बसल्याबरोबर त्याला भिंतीवरही बसायचं आहे. काम अर्थातच आपल्या दुकानाकडे, म्हणजे भावाकडे आलं. त्याचा आवाज खुशीत होता. मीही 'वा, छान' म्हटलं.

"ताई, अजून एक," तो म्हणाला. "ते म्हणतायत, या निमित्तानं ती बिघडलेली थाळीपण बदलून टाका. तुझ्या हातची. मी नवी करतोय. वाईट वाटून घेऊ नकोस हं."

"माझ्या हातची कोणती?" मी उगाच विचारलं.

"अगं ती नाही का. तोंड फिरवलेली."

पंचवीस वर्षं घरात तिचं हेच नाव आहे. भावाच्या मुलांना माझा चेहरा नीट आठवत नसेल, पण आत्यानं एक थाळी बिघडवली होती हे त्यांना पाठ आहे. आमटी उतू जातेय असं सांगून मी फोन ठेवला. गॅसवर काहीही नव्हतं. मग ठरवलं की आता पुरे झालं, भावाला सरळ लिहून कळवायचं की ती चूक कुणाची होती. कागद घेतला आणि वर त्याच्या नावाऐवजी 'अण्णा' लिहिलं गेलं. म्हटलं असू दे, तुम्हालाच लिहिते आणि झेरॉक्स त्याला पाठवते. काय ते एकदा सगळ्यांना कळू दे.

आता सुरुवातीपासून सांगते, कारण भावाला निम्मं माहीत नाही, तो तेव्हा मुंबईला होता. चेअरमनसाहेब दुकानात आले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, भूगर्भशास्त्र घेऊन, आणि दुकानात वजनं आणि मापं लिहायला बसायची. साहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, मागे दोघं जण. त्यांना नव्या सभागृहाच्या भिंतीवर घराणं हवं होतं. पणजोबा, आजोबा, वडील आणि ते स्वतः. पुतळे नकोत, पुतळ्यांना जागा लागते, आणि त्यांनी म्हणे दिल्लीत की कुठे तरी गोल संगमरवरात कोरलेले चेहरे पाहिले होते, एका बाजूनं दिसणारे, नाण्यावर राजाचा असतो तसे. आपण पहिल्या दिवसापासून त्यांना थाळीच म्हणालो, कारण आकार पुरणाच्या परातीएवढा होता.

"पणजोबांचा फोटो नाही, मास्तर," साहेब म्हणाले. "तेव्हा कुठले आलेत फोटो."

"नाक तुमचंच ठेवतो," तुम्ही म्हणालात. "रक्ताचं नाक असतं साहेब. तीन पिढ्या मागे गेलं तरी हलत नाही."

साहेब इतके खूश झाले की त्यांनी स्वतःचं नाक चाचपून पाहिलं. ते गेल्यावर मी विचारलं, पणजोबांचं नाक नकटं असलं तर? तुम्ही हसलात. हसताना तुम्ही फार देखणे दिसायचात, हेही लिहायला हवं. म्हणालात, "ज्याची सत्ता त्याचं नाक." आणि मग तो नियम सांगितलात, जो मी नंतर एका जर्मन प्रोफेसराच्या तोंडून जवळजवळ तसाच ऐकला. ओळीतल्या प्रत्येक थाळीतल्या माणसानं पुढच्या थाळीकडे बघायचं. बापानं मुलाकडे, मुलानं नातवाकडे. सगळ्यांची तोंडं उजवीकडे. मागे बघणाऱ्याचा वंश खुंटतो, असं तुम्ही म्हणायचात. मुलींनी कुणीकडे बघायचं ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मीही विचारलं नाही.

पणजोबांची, वडिलांची आणि साहेबांची थाळी तुम्ही केलीत. आजोबांची भावासाठी ठेवलेली होती, त्याच्या हातची पहिली म्हणून. पण त्याची परीक्षा लांबली आणि उद्घाटन तर जवळ आलं. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्या हातांकडे पाहिलंत. मी लहानपणापासून कानस आणि काचकागद घासलेली, पादुका नि तुळशीवृंदावनं पॉलिश केलेली. छिन्नी मात्र चोरून चालवायची, तुटक्या तुकड्यांवर, तुम्ही बाजारला गेलात की. तुम्हाला ते माहीत होतं. "मागच्या पडवीत बस," तुम्ही म्हणालात. "दार लावून घे. गिऱ्हाइकानं बघायला नको." दगडाला लागलेला पोरीचा हात म्हणजे जणू सोवळ्यात शिरलेलं काही तरी. तरीही मी त्या दिवशी दोन वेळा जेवले, इतकी आनंदात होते.

आणि आता ही गोष्ट भावानं नीट वाचावी. रेघ तुमची होती. आजोबांच्या फोटोवरून बटर पेपरवर चेहरा तुम्ही काढलात, तो कागद खळ लावून दगडावर तुम्ही चिकटवलात, खाली कार्बन तुम्ही घातलात आणि वरून टोक तुम्ही फिरवलंत. मापाचं काम मालकाचं, हा आपल्या दुकानाचा कायदा. "रेघ माझी," तुम्ही मला बजावलंत. "तिच्या बाहेर जायचं नाही, आत जायचं नाही." बटर पेपरवरची रेघ दोन्ही बाजूंनी दिसते. तुम्ही तो कागद पालथा लावलात. आजोबांच्या उजव्या गालावर, कानाजवळ, वाटाण्याएवढा मस होता, फोटोत स्पष्ट दिसत होता. दगडावर तो डाव्या गालावर गेला आणि आजोबांचं तोंड डावीकडे झालं, आपल्या बापाकडे, मुलाकडे पाठ.

मी अठरा दिवस बसले. सकाळी कॉलेजला दांडी, दुपारी पडवीत ऊन यायचं तोवर खडबडीत काम, मग नाजूक. आई चहा आणून ठेवायची आणि त्यावर दगडाची साय धरायची. "स्थळं बघायला लागलोत आपण, आणि हिच्या केसांत बघा, गिरणीतून आल्यासारखी," ती तुम्हाला म्हणाली. तुम्ही म्हणालात, "बसू दे ग. हौस आहे तिची." मला अजून त्या शब्दाचा राग येतो. भाऊ करायचा ते काम, मी करायची ती हौस. पण तेव्हा मला तेही चाललं. मी तुमच्या रेघेवरून चालत होते, एक केस इकडे नाही की तिकडे नाही.

मग तो मांडव. थाळ्या गवंड्यानं पाठीमागच्या आकड्यांप्रमाणे बसवल्या होत्या आणि बसवल्याबरोबर त्यांच्यावर केशरी कापड टाकलं होतं. बायकांना सतरंजीवर डावीकडे बसवलेलं, मी आईशेजारी. तुम्ही व्यासपीठावर, धुतलेलं धोतर, गळ्यात हार. मंत्र्यांनी दोरी ओढली. कापड पडलं. टाळ्या वाजल्या आणि मग मध्येच थांबल्या, कारण चेअरमनसाहेब वर बघत उभे राहिले होते.

"मास्तर," ते म्हणाले, माइक चालू होता, "आमच्या आजोबांनी तोंड का फिरवलं हो? आणि मस इकडे कसा आला?"

लोक हसले. तुम्ही वर बघितलंत, बराच वेळ बघितलंत. तुम्हाला धड दिसत नव्हतं, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. मग तुम्ही हात जोडलेत आणि माझ्या दिशेनं मान वळवलीत. "साहेब, ही मुलाच्या हातची नाही," तुम्ही म्हणालात. "मुलगा परगावी. पोरगी बसली होती, हौस म्हणून. माझी चूक एवढीच की मी बसू दिलं."

"असू दे, असू दे," साहेब म्हणाले. "मुलीची जात. तोंड फिरवायचीच."

आता सगळा मांडव हसला. आईनं माझा हात धरला होता, तो तिनं सोडला आणि पदर सारखा केला. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणतात, पण निदान त्या संन्याशाला माइकवरून हसत नाहीत. तुमची चूक एवढीच, अण्णा? रेघ कुणाची होती? कागद कुणी लावला? करून सवरून नामानिराळं होणं यालाच म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या छिन्न्या भावाच्या खुंटीला टांगलेल्या होत्या आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "आजपासून पडवीत यायचं नाही." मी गेले नाही. त्यानंतर मी दगड फक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघितला.

पुढच्या वर्षी तुमच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू इतका पिकलेला होता की डॉक्टर म्हणाले, "मास्तर, दोन वर्षं काम केलंत तरी कसं?" तुम्ही म्हणालात, "बोटांनी." मी तिथेच उभी होते. तेव्हा मला सगळं लख्ख कळलं. पालथा कागद तुम्हाला दिसलाच नव्हता. त्या उन्हाळ्यात रोज चार वेळा मी तुमच्या डोळ्यांत थेंब घालत होते. तुमची मान माझ्या मांडीवर, डोळा माझ्या बोटांत. रोज चार वेळा तुम्हाला संधी होती. 'पोरी, ती रेघ माझी उलटी पडली' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? तुम्ही म्हणायचात, "थंड लागतं." मी म्हणायची, "हलू नका." एवढ्यावर महिना गेला, मग माझा पुण्याच्या विद्यापीठात नंबर लागला, आणि तिथून मी इथे डॉक्टरेटला आले ती आलेच.

मी इथे जर्मनीत, डार्मश्टाटला, काय करते ते तुम्ही पत्रात एकदा विचारलं होतं. 'दगडाची तपासणी' असं मी लिहिलं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत म्युझियमं आणि चर्चं आपले दगड पाठवतात. पाठीमागून नखाएवढी भुकटी काढायची आणि सांगायचं की हा संगमरवर कुठल्या खाणीतला, कुठला तुकडा मूळचा आणि कुठला नंतर कुणी आणून बसवलेला. थोडक्यात, कोणाचं घराणं खरं ते मी बघते. काम मला आवडतं. दगड शिक्का मारत नाही.

आणि या वसंतात आमच्याकडे थाळ्या आल्या. खऱ्याच. अकरा लाकडी पेट्या, प्रत्येकीत फोममध्ये एक गोल संगमरवर, परातीएवढा, त्यावर एका बाजूनं दिसणारा चेहरा. फ्रान्सचे राजे. इकडच्या एका लहानशा संस्थानिकानं कधी काळी ते तिकडून विकत आणले आणि आपल्या दिवाणखान्यात लावले, कारण त्याच्या कुठल्या तरी आजीचं फ्रेंच राजघराण्याशी नातं होतं. मी पेटी उघडली आणि हात तसाच राहिला. पहिल्या पाच राजांचे चेहरे कुणी पाहिलेले असणं शक्यच नव्हतं, इतके ते जुने. पण दाढ्या वेगळ्या आणि नाक एकच. अकराव्या राजाचं. ज्यानं ही ओळ करवून घेतली त्याचं. मी एकटीच हसायला लागले. तुम्ही असता तर आपण दोघं हसलो असतो, आणि याचाही मला राग येतो, की हे सांगायला तुमच्याशिवाय कुणी नाही.

दहाही तोंडं उजवीकडे. एक डावीकडे. दहावा राजा, शेवटून दुसरा, मागे बघतोय, अकराव्याकडे पाठ करून.

म्युझियमला शंका होती की तो दहावा नंतर कुणी तरी बदलून बसवलेला आहे, म्हणून मला विचारलं. मी भुकटी तपासली. दगड तोच, इटलीतल्या त्याच खाणीतला, बाकीच्यांबरोबरचा. हे ऐकून त्यांचे प्रोफेसर फार आनंदले. उंच, सभ्य माणूस, बॉनहून रेल्वेनं यायचे, मला 'फ्राऊ डॉक्टर', म्हणजे डॉक्टरबाई, म्हणायचे. त्यांनी समजावलं की दहाव्या राजाला मूल नव्हतं. बहिणी होत्या, पण त्यांच्या कायद्यात मुलीला गादी नाही आणि मुलीच्या मुलालाही नाही. म्हणून गादी गेली फार लांबच्या एका चुलतभावाकडे, तो अकरावा. "पाहिलंत?" ते म्हणाले. "जुनी शाखा इथे संपते. म्हणून याचं तोंड मागे. केवढा धीट विचार आहे हा, दगडात केलेला." मुलीला गादी नाही हे ऐकताना मी मान डोलावली. मला त्यात नवं काही नव्हतं.

पण मला दुसरंच दिसत होतं. त्या सगळ्या राजांनी जुन्या रोमन बादशहांसारखं उपरणं पांघरलंय आणि ते उजव्या खांद्यावर पिननं अडकवलंय. उजवीकडे बघणाऱ्या माणसाचा उजवा खांदाच आपल्याला दिसतो, म्हणून दहाही जणांची पिन दिसते. या दहाव्याचा दिसतो डावा खांदा, तरी पिन तिथेच. कुणी विचार करून तोंड फिरवलं असतं तर पिन उजव्या खांद्यावरच ठेवली असती, पलीकडे झाकली गेली असती. इथे चेहरा, खांदा, पिन, सगळंच उलटं झालेलं. म्हणजे कुणी विचारबिचार केलेला नाही. कागद पालथा लागला. मी अहवालात तसं लिहिलं: रेखाटन उलटं चिकटवल्यामुळे झालेली चूक.

"फ्राऊ डॉक्टर," प्रोफेसर अहवाल हातात घेऊन म्हणाले, "राजाचं तोंड चुकून फिरत नाही. वीस माणसांनी ते पाहिलेलं असणार."

"वीस माणसांनी पाहिलं आणि कुणी बोललं नाही, असंही होतं," मी म्हटलं. माझा आवाज वाजवीपेक्षा वर गेला. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

ते गेल्यावर म्युझियमची रेस्टोरर, जुन्या दगडांची डागडुजी करणारी, माझ्यापाशी थांबली. थाळ्यांबरोबर तीच यायची, त्यांना हात दुसऱ्या कुणाला लावू द्यायची नाही. साठीची बाई, पुढच्या वर्षी निवृत्त होणारी, हाताची बोटं तुमच्यासारखी, टोकाला चपटी झालेली. सोळाव्या वर्षी ती एका पाथरवटाच्या हाताखाली शिकायला लागली होती. पहिल्याच दिवशी त्यानं तिच्या हातात छिन्नी दिली, हे तिनं सांगितलं तेव्हा मला तिचा हेवा वाटला होता.

"कागद उलटा होता. गेनाऊ, अगदी बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "मग बोलणी कुणी खाल्ली असतील?"

"कोरणाऱ्यानं," मी म्हटलं. "रेघ मालकाची असते. चूक मालकाची. आणि बोलणी कोरणाऱ्याला. अन्याय आहे तो." मला वाटलं ती मान डोलावेल.

ती दहाव्या राजाकडे बघत होती. त्याचं तोंड फार सुरेख कोरलंय, अण्णा, अकरांत सगळ्यात सुरेख. "आल्झो, असं बघ," ती म्हणाली, "हा कोरायला बसला तेव्हा बाकीचे सगळे समोर भिंतीला टेकून उभे असणार. एका दिशेला तोंडं करून. महिनाभर. त्याला दिसलं नसेल असं तुला वाटतं?"

"रेघ मालकाची होती," मी पुन्हा म्हटलं.

"रेघ मालकाची. पण डोळे तर त्याचे होते ना?"

मी भुकटीच्या बाटल्या आवरायला लागले. ती डबा उघडून सफरचंद कापत बसली, एक फोड मला दिली. ट्राममध्ये बसले ती माझा स्टॉप सोडून दोन स्टॉप पुढे उतरले आणि चालत परत आले. त्याला आता चार महिने झाले. भावाचा फोन आला नसता तर हे तसंच राहिलं असतं.

मला दिसलं होतं. पहिल्या दिवशी, पहिला टवका उडायच्या आधी. तुमच्या तिन्ही थाळ्या पडवीत समोर उभ्या होत्या, आजोबांचा फोटो टाचणीनं खिडकीला लावलेला होता, मस उजव्या गालावर. दगडावर तो डाव्या गालावर होता. हे कळायला डोळे चांगले असावे लागतात एवढंच, आणि माझे चांगले होते. मी उठून दारापर्यंत आलेसुद्धा. दुकानात तुम्ही कुणाशी तरी कबरीच्या दगडाचं बोलत होता. मी तुम्हाला हाक मारली असती तर तुम्ही रेघ पुसली असती, कागद परत लावला असता, दोन दिवस गेले असते, आणि तोवर भावाचं पत्र आलं असतं की परीक्षा संपली, येतोय. थाळी त्याची झाली असती. मी परत जाऊन बसले आणि दार लावून घेतलं.

त्यानंतरही सांगता आलं असतं. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत खांद्याकडचा दगड शिल्लक होता, तुम्ही काही तरी मार्ग काढला असता. पण अकराव्या दिवशी तुम्ही आलात, बाकाच्या पलीकडच्या बाजूला उभे राहिलात, आणि आडव्या पडलेल्या त्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवलात, कपाळापासून हनुवटीपर्यंत, दोनदा. म्हणालात, "हात चांगला आहे तुझा." मला तुम्ही असं कधी म्हणाला नव्हता. त्यानंतर मी काय तोंडानं सांगणार होते की मी अकरा दिवस चुकीचा माणूस कोरतेय?

मांडवात तुम्ही वर बघत उभे होता तेव्हा तुमच्या लक्षात आलं होतं का, की रेघच उलटी होती, ते मला माहीत नाही. कदाचित तुम्हाला खरंच वाटलं असेल की पोरगी चुकली. थेंब घालताना तुम्ही काही बोलला नाहीत, कारण कदाचित बोलण्यासारखं तुमच्याकडे काही नव्हतंच. माझ्याकडे होतं. रोज चार वेळा.

याची झेरॉक्स भावाला पाठवायची होती. रेस्टोररच्या प्रश्नापर्यंतची पानं पाठवता येतील, खोटं त्यात एक अक्षर नाही. पण तेवढीच पाठवली तर तुम्ही मांडवात जे केलंत म्हणून मी एवढं आकांडतांडव केलं, तेच मी करीन. आणि ही शेवटची दोन पानं त्याला वाचू द्यायची माझी तयारी नाही. तेव्हा काहीच पाठवत नाही. रविवारी त्याला फोन करीन आणि सांगीन की ती थाळी बदल, मला काही वाटत नाही. वाटतं, अण्णा. मी कोरलेली तेवढी एकच आहे.